मिरगी, ग्लुटामेट आणि लाखोळीची डाळ: संबंध नेमका काय?

प्रश्न (बांधीवरचा, भंडारा जिल्हा):
माझ्या 11 वर्षांच्या पुतण्याला गेल्या पावसाळ्यापासून मिरगीचे झटके येतात. आधी उजव्या हाताचा अंगठा फडफडू लागतो, मग मनगट, मग दंड, आणि कधीकधी सगळे अंग. नागपूरच्या डॉक्टरांनी लेव्हेटिरासिटाम नावाचे झटक्यांवरचे औषध सुरू केले आणि समजावताना मेंदूत ग्लुटामेटचा जोर वाढतो, असे सांगितले. हे वाक्य घरी पोहोचेपर्यंत त्याचा अर्थ पार बदलला. वहिनींनी ग्लुटामेट असते म्हणून आधी अजिनोमोटो, मग टमाटर आणि शेवटी लाखोळीची डाळही बंद केली. आमच्याकडे धान उभे असतानाच बांधीतल्या (धानाच्या शेतातल्या) ओलीवर लाखोळीचे बी फेकतात, त्यामुळे ही डाळ घरचीच असते. दुष्काळात ती खाऊन माणसे काठीवर आली, असे आजोबा सांगत. ग्लुटामेट इतके वाईट असेल, तर ते मेंदूत असते तरी कशाला? आणि या डाळीचा मिरगीशी काही संबंध आहे का?

उत्तर 1 (शरीरक्रिया शिकवणारा):
ग्लुटामेट वाईट नाही. एका पेशीने दुसरीला ‘जागी हो’ असे सांगण्यासाठी मेंदू मुख्यतः तेच वापरतो आणि ‘थांब’ सांगण्याचे काम बहुतांशी गाबा नावाचे द्रव्य करते. गंमत अशी की हे गाबा ग्लुटामेटपासूनच तयार होते. ग्लुटामेट पुढच्या पेशीवरच्या ग्राहींना, म्हणजे रिसेप्टरांना, चिकटते. त्यांतला आम्पा ग्राही क्षणार्धात उघडतो आणि सोडियम आत शिरते. शेजारचा एनएमडीए ग्राही मात्र ग्लुटामेट आले तरी लगेच दाद देत नाही, कारण त्याच्या तोंडाशी मॅग्नेशियमचा कण बुचासारखा बसलेला असतो. आम्पामुळे पेशी पुरेशी उत्तेजित झाली की ते बूच निघते आणि कॅल्शियम आत येते. आपण जे शिकतो आणि लक्षात ठेवतो, त्याच्या मुळाशी हीच यंत्रणा आहे. झटक्यात हाच संदेश आवरला जात नाही आणि एका पेशीकडून शेजारणीकडे पसरत जातो. मेंदूच्या ज्या पट्ट्यातून हालचाल चालते, तिथे अंगठ्याची जागा बोटांच्या, बोटांची मनगटाच्या आणि मनगटाची दंडाच्या शेजारी असते. आपण पाहिलेला क्रम त्या शेजाराचाच आहे.

जेवणातले ग्लुटामेट बहुतेक आतड्यातच वापरले जाते आणि उरलेले रक्तातून मेंदूत सहजासहजी शिरत नाही. त्यामुळे टमाटरावरची बंदी वहिनींनी खुशाल उठवावी.

लाखोळीची गोष्ट थोडी वेगळी आहे, आणि आजोबा खरेच सांगत होते. तिच्यात ओडॅप नावाचे द्रव्य असते. ते ग्लुटामेटची नक्कल करून आम्पा ग्राहींना उत्तेजित करते. दुसरे काही नसताना महिनोन्महिने मुख्य अन्न म्हणून तीच डाळ खाल्ली, तर हालचालीच्या मज्जापेशी खराब होतात आणि पाय ताठरतात. म्हणूनच 1961 साली तिच्या विक्रीवर बंदी आली होती. पण तो आजार पायांचा आहे, मिरगीचा नाही. डाळ भिजवून, उकळून वरचे पाणी फेकले की ओडॅप बरेच कमी होते.

औषधाबद्दल एक गोष्ट. लेव्हेटिरासिटाम ग्राहीवर नव्हे, तर ज्या पिशव्यांतून ग्लुटामेट बाहेर पडते त्यांच्यावरच्या एका प्रथिनावर बसते. थेट आम्पा ग्राहीला आवरणारे पेरॅम्पॅनेल अमेरिकेत 2012 साली मंजूर झाले. कोणते औषध द्यायचे ते डॉक्टर ठरवतील, मात्र चालू गोळी कुणाच्याही सांगण्यावरून अचानक बंद करू नये.

उत्तर 2 (निवृत्त परिचारिका, गडचिरोली):
बाळंतपणाच्या वेळी झटके आलेल्या बाईला आम्ही मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन देत असू. ते नेमके कसे काम करते याची सगळी कारणे उलगडलेली नाहीत, पण वर सांगितलेले बूच हे त्यांपैकी एक मानले जाते. मिरगीच्या मुलावर मात्र हा उपाय घरी करायचा नाही. झटका आला की घड्याळ पाहावे, मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात चमचा घालू नये आणि कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नये. पाच मिनिटांत झटका थांबला नाही, तर डॉक्टरांनी लिहून दिलेला मिडाझोलामचा फवारा नाकात मारून गाडी काढावी. झटका लांबत गेला की शांत करणारे गाबाचे ग्राही पेशीच्या पृष्ठभागावरून आत ओढले जातात आणि एनएमडीएचे ग्राही वर वाढतात, त्यामुळे उशिरा दिलेले तेच औषध कमी लागू पडते. शिवाय आमच्याकडे तालुक्याच्या दवाखान्यापर्यंतच तासभर जातो.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही आभार. काल स्कॅनचा अहवाल आला. मेंदूच्या डाव्या बाजूला कड्यासारखा डाग आहे आणि डॉक्टर त्याला पट्टकृमीची गाठ म्हणतात. आमच्या घरी डुकराचे मांस कुणीच खात नाही, मग ही कुठून आली?

उत्तर 1 (शरीरक्रिया शिकवणारा):
मांसातून नव्हे, तर अंड्यांतून. कृमी पोटात असलेल्या माणसाच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात आणि न धुतलेल्या भाजीतून, पाण्यातून किंवा हातांतून दुसऱ्याच्या पोटात जातात. गाठ मरू लागली की तिच्याभोवती सूज येते आणि आसपासच्या पेशी चिडतात. उजव्या अंगठ्याची जागा डाव्या बाजूलाच असते, त्यामुळे हे जुळते. कृमीनाशक औषध स्वतःहून देऊ नका, कारण गाठी एकदम मेल्या की सूज वाढते. म्हणून डॉक्टर ते सहसा स्टेरॉइडसोबत देतात.

प्रश्नकर्ता:
डॉक्टरांनीही नेमके हेच सांगितले. लाखोळी पुन्हा चुलीवर चढली आहे, पाणी फेकून. कोथिंबीर मात्र वहिनी आता तीनदा धुतात.