‘कॅशे आयडी’ला मराठीत काय म्हणावे?

विचारणा
एका टेम्प्लेट इंजिनाची, म्हणजे साच्यात माहिती भरून वेबपाने तयार करणाऱ्या प्रणालीची, माहितीपुस्तिका मराठीत आणते आहे. तयार पाने पुन्हा वापरण्यासाठी जिथे साठवतात तो कॅशे आणि त्यातली नेमकी प्रत ज्यावरून ओळखतात तो कॅशे आयडी. ‘कॅशे आयडी जनरेट करणे’ इथे अडले. कोशातला ‘अभिज्ञापक व्युत्पन्न करणे’ लिहिला तर प्रोग्रामर पुढे वाचणारच नाही. ‘ओळख क्रमांक’ चालेल का? आणि ‘कॅश’ लिहू की ‘कॅशे’?

उत्तर
‘कॅशे’ लिहा. इंग्रजी उच्चार ‘कॅश’ आहे हे खरे, पण देवनागरीत तो रोकडीच्या ‘कॅश’शी एकरूप होतो. पैसे भरण्याच्या पानाबद्दल ‘कॅश रिकामी करा’ असे वाचले की माणूस दचकतोच. शिवाय मूळ फ्रेंच क्रियापद ‘काशे’, म्हणजे लपवणे. तेव्हा शेवटचा ‘शे’ अगदीच उपरा नाही. संगणकात हा शब्द १९६८ च्या सुमारास आयबीएमच्या सिस्टीम/३६० मॉडेल ८५ बरोबर रुळला, तोही प्रोसेसरजवळच्या वेगवान स्मृतीसाठी. पानांच्या साठ्याला तो नंतर लागला.

‘क्रमांक’ मात्र नको. क्रमांक म्हटले की एकामागून एक आकडे डोळ्यांपुढे येतात. स्मार्टी या टेम्प्लेट इंजिनात एकाच टेम्प्लेटच्या अनेक तयार प्रती ठेवायच्या तर प्रत्येकीला वेगळा कॅशे आयडी देतात, जसे ‘बातम्या|क्रीडा|२’. उभ्या रेघेने गट पडतात. ‘बातम्या|क्रीडा’ एवढ्यावर पुसायला सांगितले की त्याखालच्या सगळ्या प्रती जातात. यात मोजणी कुठेच नाही. पान कोणते, विभाग कोणता, कितवे पृष्ठ, असे तुकडे एकत्र बांधलेले आहेत. म्हणून मी ‘ओळखखूण’ म्हणेन आणि क्रियापद ‘बांधणे’ घेईन. ‘खूणगाठ बांधणे’ आपल्या तोंडात आहेच.

दुसरे मत
ट्विग या दुसऱ्या टेम्प्लेट इंजिनात याच जागी ‘की’ आहे. सरळ ‘किल्ली’ का नको?

उत्तर
साठ्याच्या पातळीवर ‘किल्ली’ जरूर वापरा. पण टेम्प्लेट लिहिणारा जे बांधतो आणि साठ्यात जे जाते, ते दर वेळी एकच नसते. पुष्कळदा ओळखखुणेचा एमडी५ हा हॅश, म्हणजे मजकुरापासून गणिताने काढलेली ठरावीक लांबीची अक्षरे, काढून ती ३२ अक्षरे किल्ली म्हणून वापरतात. या हॅशला ‘ठसा’ म्हणावे असे मला मनापासून वाटते, कारण ठशावरून मूळ खूण परत मिळत नाही. सगळ्या खुणेचाच ठसा घेतला की ‘क्रीडा विभागातले सगळे पुसा’ ही सोय हातची जाते. खूण, ठसा, किल्ली हे तीन शब्द वेगळे ठेवले तर हे एका वाक्यात सांगता येते.

खुणेत काय घ्यायचे, हेही पुस्तिकेत ठळकपणे लिहा. मी एकदा भाषा घ्यायला विसरलो. पहिल्या वाचकाने पान इंग्रजीत उघडले आणि मराठी निवडलेल्यांनाही तेच दिसत राहिले. स्मार्टीत प्रत टिकण्याची मुदत न बदलल्यास ३६०० सेकंद, म्हणजे पुरा तासभर. उलट घाबरून सत्राचा आयडीच (प्रत्येक वाचकाच्या भेटीला मिळणारी वेगळी खूण) खुणेत घातला, तर प्रत्येकाची प्रत निराळी होते आणि कॅशे असून नसल्यासारखा.

विचारणारीचे
‘ओळखखूण बांधणे’ पटले. पण आमच्या विभागांची नावे मराठी आहेत. ती जशीच्या तशी खुणेत घेतली तर?

उत्तर
घेऊ नका. ‘दुसऱ्या’ हा शब्द पाहा. त्यातला ‘ऱ’ कुणी एकाच चिन्हाने लिहितो, कुणाच्या कळफलकावरून र आणि खाली नुक्ता असा येतो, तर कुणी पाय मोडलेल्या र पुढे अदृश्य जोडचिन्ह टाकून ‘या’ लिहितो. पडद्यावर तिन्ही सारखे, बाइट वेगळे, म्हणून ठसेही वेगळे. एकाच पानाच्या तीन प्रती साठतात आणि पुसताना एकच पुसली जाते. युनिकोडचे एनएफसी प्रमाणीकरण, म्हणजे एकच अक्षर लिहिण्याच्या निरनिराळ्या रीती एका रूपात आणणे, केले तर पहिले दोन एक होतात. अदृश्य जोडचिन्हाचा तिसरा तसाच राहतो.

लांबीचीही अडचण आहे. मेमकॅश्ड या साठा ठेवणाऱ्या प्रणालीत किल्ली २५० बाइटांपर्यंतच चालते आणि यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचे. मात्रा, वेलांट्या धरून जेमतेम ८३ चिन्हे बसतात. खुणेत विभागाचा डेटाबेसमधला आकडा घ्या, नाव पानावर दाखवा.

विचारणारीचे
मग वाक्य असे करते: ‘टेम्प्लेटचे नाव, भाषा, विभागाचा आकडा आणि पृष्ठ यांची ओळखखूण बांधा, तिचा ठसा ही साठ्याची किल्ली.’