पिनबॉलचा आवाज सुधारायचाय: किट घ्यावं की स्वतः जोडावं?

मल्टीबॉल:
विल्यम्सचं १९९२चं फिश टेल्स हे पिनबॉल मशीन आहे, डब्ल्यूपीसी (कंपनीचे त्या काळातले इलेक्ट्रॉनिक बोर्ड) वालं, अमेरिकेतल्या घरी. बॅकबॉक्समधला (मागच्या उभ्या पेटीतला) आवाज फाटका येतो, कॅबिनेटच्या तळाच्या स्पीकरमधून बास जवळजवळ नाही, आणि खेळ सुरू नसतानाही बारीक गुणगुण चालू असते. तीन वाटा दिसतात: फ्लिपर फिडेलिटीसारखं पिनबॉलसाठीचं तयार स्पीकर किट, कारचे स्पीकर आणून स्वतः बसवणं, किंवा सिग्नल काढून बाहेर सबवूफर (फक्त बास वाजवणारा स्पीकर, पुढे नुसता ‘सब’) लावणं. सोल्डरिंग येतं, मल्टिमीटर आहे. पैसे कशावर घालावेत?

ओहमवाला:
अजून कशावरच नाही. गुणगुण तशीच ठेवून चांगले स्पीकर लावलेत, तर गुणगुणच जास्त स्वच्छ ऐकू येईल.

फोनवर स्पेक्ट्रम दाखवणारं अ‍ॅप उघडून स्पीकरजवळ धरा. १२० हर्ट्झला उंच टोक दिसलं, तर पॉवर सप्लायचे फिल्टर कपॅसिटर थकलेत असं धरा. ६० असेल तर आधी ग्राउंड आणि कनेक्टर बघा. (मशीन भारतात ५० हर्ट्झवर चालवत असाल, तर हेच आकडे १०० आणि ५०.) कपॅसिटर बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्टेज तेवढं किंवा जास्त, १०५ अंशांचे घ्या. उलटा बसवलात तर फुटतो.

प्लग काढून थोडा वेळ थांबा, मगच हात घाला. डीएमडीला (ठिपक्यांच्या डिस्प्लेला) ६२, उणे ११३ आणि उणे १२५ व्होल्ट जातात. स्पीकर पॅनल काढताना एखादा स्क्रू डीएमडीच्या बोर्डवर पडून राहिला आणि मशीन चालू केलं, तर डिस्प्ले गेलाच म्हणायचा.

प्लंजर:
स्पीकर घरी बसवता येतात, पण लोक फसतात ते ओहममध्ये. जुन्या चुंबकावर ४ की ८ काय छापलंय ते बघा. पुसलं असेल तर वायर सोडवून मोजा: ८ ओहमचा स्पीकर मीटरवर ६ ते ७ दाखवतो, ४चा साडेतीनच्या आसपास.

आता समजा मूळ स्पीकर ८चा आहे आणि सिरीजमध्ये १०० मायक्रोफॅरडचा बायपोलर (उलटा-सुलटा कसाही चालणारा) कपॅसिटर आहे. तो साधारण २०० हर्ट्झच्या खालचं कापतो. तिथे कारचा ४ ओहमचा स्पीकर लावलात की तोच कपॅसिटर ४००ला कापायला लागतो, आणि बोलण्याच्या आवाजातला भरीवपणा जातो. ‘नवे स्पीकर लावले तरी आवाज पत्र्यासारखा येतो’ ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच निघते. शेजारी आणखी एक १०० समांतर जोडला की हिशेब परत २००वर येतो. पण ४ ओहमवर अँपमधून (अँप्लिफायरमधून) दुप्पट करंट जातो. अँपची चिप तापली की मोठ्या आवाजात मध्येच बंद पडते आणि गार झाली की पुन्हा सुरू होते. म्हणून शक्यतो ८च शोधा. संवेदनशीलता (तेवढ्याच वॅटला स्पीकर किती मोठा वाजतो ते) ९० डेसिबलच्या खाली नको. ३ डेसिबल कमी म्हणजे तेवढ्याच आवाजाला दुप्पट वॅट, आणि ते या अँपकडे नाहीत.

तिसराबॉल:
प्लंजर यांचं गणित बरोबर आहे, तरी बॅकबॉक्ससाठी मी किटच सुचवेन. भोकांचं माप, चुंबकाची खोली, ओहम हे सगळं त्यांनी जुळवलेलं असतं. कारच्या स्पीकरचं चुंबक मागे किती जातं हे आधी मोजलं नाही, तर पॅनल बंदच होत नाही.

बास मात्र घरचाच. हाय-लेव्हल इनपुट (थेट स्पीकरच्या वायरी घेणारं) असलेला, स्वतःचा अँप असणारा साधा पॉवर्ड सब घ्या आणि तळाच्या स्पीकरच्या दोन टोकांवर समांतर जोडा. त्या इनपुटचा रोध मोठा असतो, अँपवर भार पडत नाही. क्रॉसओव्हर (सब ज्याच्या खालचंच वाजवतो ती मर्यादा) ८० ते १०० हर्ट्झवर ठेवा. सबला फक्त लाइन इनपुट (कमी व्होल्टेजचा सिग्नल घेणारं) असेल, तर १० के आणि १ के (किलोओहम) रेझिस्टरचा डिव्हायडर लावून सिग्नल अकराव्या हिश्शावर आणा.

मल्टीबॉल:
सब भिंतीच्या वेगळ्या सॉकेटवर चालेल ना? आणि हीच जोडणी नव्या मशीनलाही चालेल का?

ओहमवाला:
मशीन आणि सब दोन्ही एकाच पॉवर स्ट्रिपवर घ्या, नाहीतर ग्राउंड लूपची (दोन ग्राउंडमधल्या फरकाची) नवी गुणगुण मागे लागेल. तरीही राहिली तर लाइन सिग्नलमध्ये १:१चा ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला.

नव्या मशीनमध्ये थेट जोडू नका. तिथला क्लास-डी प्रकारचा अँप बऱ्याचदा ब्रिज्ड असतो, म्हणजे स्पीकरची उणे वायर ग्राउंड नसते. सबच्या केबलमधून ती ग्राउंडला टेकली की अँप जळू शकतो. तिथे त्या मॉडेलसाठी बनवलेला तयार सब-आउट विकत घ्या. तुमच्या फिश टेल्सवरही मशीन बंद ठेवून उणे टोक आणि ग्राउंड यांच्यात मीटर लावून बघा. सरळ शून्य ओहम आलं तरच डिव्हायडर.

प्लंजर:
एक राहिलंच. स्पीकरला १.५ व्होल्टचा सेल क्षणभर लावा; अधिक टोक बरोबर असेल तर शंकू बाहेर येतो. सगळे स्पीकर एकाच दिशेने हलायला हवेत. एक जरी उलटा असला तरी बास कमी होतो, आणि लोक उगाच सब मोठा करत बसतात. सब लागला की कॉइन डोअर आणि वरची काच खडखडायला लागेल. दाराच्या कडेला फोमची पट्टी लावा.