मदत हवी आहे : प्रभुभोजनाची टिंगल झाली, मुलांना काय सांगू?

जय ख्रिस्त. सोलापुरात आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघाचं काम मी बघते. इथल्या एका कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये विनोदी नाटुकलं झालं. त्यात प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या आमच्या विधीची, नक्कल होती. पाद्री झालेला मुलगा झोकांड्या देत आला, बिस्किट मोडून "हे माझं शरीर" म्हणाला आणि कोल्ड्रिंकची बाटली सगळ्यांत फिरवली. सभागृहात हशा. आमच्या संघातली एक मुलगी तिथंच बसली होती. आता तिच्याच वर्गाच्या ग्रुपवर ते रील फिरतंय.

रील रिपोर्ट केलं, अजून तसंच आहे. प्राचार्यांना भेटले, "पोरांनी गंमत केली" एवढंच म्हणाले. संघातल्या काहींना जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा न्यायचाय. भारतीय न्याय संहितेचं धार्मिक भावना दुखावण्याबद्दलचं कलम 299 वाचलंय, पण त्याला जाणूनबुजून, दुष्ट हेतू लागतो. या पोरांचा तसा हेतू मला दिसत नाही. शिवाय मुलीची परीक्षा तोंडावर आहे, तिचं नाव कुठंही यायला नको.

मुलांना बायबलमधलं 1 पेत्र 3:15 वाचून दाखवलं, उत्तर सौम्यतेनं द्यायचं म्हणून. रोममध्ये भिंतीवर कोरलेलं, क्रुसावर गाढवाच्या डोक्याचा माणूस असलेलं प्राचीन चित्रही दाखवलं. टिंगल जुनीच आहे, हे पटलं त्यांना. पण "मग गप्पच बसायचं का, ताई?" इथं मी अडले.

नाटुकल्यातल्या मुलांना एकदा चर्चमध्ये बोलवावं, समोर बसून प्रभुभोजन आमच्यासाठी काय आहे ते सांगावं, असं मनात आहे. कुणी असं केलंय का? निरोप कॉलेजमार्फत द्यावा की थेट, आणि मुलीकडे बोट न जाता सुरुवात कशी करावी?