अनुभव धागा: ज्याला प्रायश्चित्त नाही असं काही

नाशिककरांना पाप धुवायला लांब जावं लागत नाही. गोहत्येचं पातक फेडायला गौतम ऋषींनी गोदावरी आणली ती त्र्यंबकला. शंकराची ब्रह्महत्या फिटली ती रामकुंडात, वाट दाखवली नंदीने. तो गुरू ठरला म्हणून कपालेश्वराच्या पिंडीसमोर नंदी नाही. पण ज्या रामायणामुळे आपली पंचवटी, त्यातच किष्किंधाकांडात लक्ष्मण सुग्रीवाला सुनावतो: गोहत्या, मद्यपान, चोरी, व्रतभंग, सगळ्याला निष्कृती म्हणजे प्रायश्चित्त आहे, कृतघ्नाला नाही. वाचल्यापासून हे डोक्यातून जात नाही. तुम्ही पाहिलेलं, सोसलेलं असं काही असेल तर लिहा. नावं नकोत.

निफाडकर
माझी आत्या. काकांच्या पहिल्या द्राक्षबागेला तारा-अँगल घ्यायला पैसे नव्हते, तेव्हा तिने स्वतःच्या पाटल्या मोडल्या. पुढे आजोबा गेले. २००५ च्या कायद्याने मुलीचा वाटा मुलाएवढाच, हे काकांना पक्कं ठाऊक होतं. "वारस लावायचेत, सही लागते" म्हणून तिला गाडीत बसवून नेलं आणि हक्कसोडपत्रावर सही घेतली. तिला कळलं ते सातबारा पाहिल्यावर. भांडली नाही, फक्त भाऊबीजेला येणं बंद केलं. ती गेल्यावर दहाव्याला काका रामकुंडावर ढसाढसा रडले. मी शेजारीच होतो, ते रडणं खोटं नव्हतं. नंतर पैशांचं पाकीट घेऊन आतेबहिणीकडे गेले. ती म्हणाली, "ज्यांच्या पाटल्या, त्यांना द्या."

सिडकोवासी
वडील दारू पिऊन आईला मारायचे. पुढे दारू सुटली, गळ्यात माळ आली, दरवर्षी वारीला जातात. माणूस खरंच बदलला. आई मात्र आजही त्यांचं ताट ठेवते आणि हात पोचणार नाही इतकी मागे सरकून उभी राहते.

गोदाकाठ
पणजोबा काळाराम सत्याग्रहात होते. २ मार्च १९३० ला सुरू झाला, रामनवमीच्या रथाच्या वेळी दगडफेक झाली, १९३५ पर्यंत लढूनही दार उघडलं नाही. त्याच वर्षी बाबासाहेबांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली. पुढे मंदिर खुलं झालं, पणजोबा पायरी चढले नाहीत. वडिलांच्या एका स्नेह्याने एकदा हात जोडले, "आमच्या वाडवडिलांच्या वतीने माफी मागतो." वडिलांनी त्यांना चहा दिला, प्रेमानेच बोलले, पण म्हणाले, "ज्यांना दगड लागले ते गेले. त्यांच्या वतीने मी कोण माफ करणार?"

मखमलाबाद
निफाडकर, थोडं रोखठोक बोलते. आत्या परत येणार नाहीत, काकांना माफीही मिळणार नाही. पण जमीन जागेवर आहे ना? आत्यांचा वाटा मुलीच्या नावावर करून द्यायला काय हरकत आहे? रडून काय होणार!

निफाडकर
पटलं. आतेबहिणीला विचारलं, ती म्हणाली जमीन घेईन, आईची आहे. काकांपुढे विषय काढला. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पोरांना विचारावं लागेल."