'इमर्जन्सी डिकॉम्प्रेशन'ला मराठीत काय म्हणावं? (कोल्हापूरच्या पेठांतल्या गप्पा)

राजारामपुरी: खोल टेक्निकल डायव्हिंगवरचा मजकूर मराठीत आणतोय. पाणबुड्या घाईनं वर आला तर पुढं करायच्या 'इमर्जन्सी डिकॉम्प्रेशन'ला काय लिहू? 'तातडीचे विसंपीडन' लिहिलं, पण वाचताना जीभ अडखळते.

शाहूपुरी: 'दबावमुक्ती' तेवढं नको. दबाव पुढाऱ्यांचा, पाण्याचा असतो दाब. 'दाबउतार' घ्या, सरळ कळतं.

मंगळवार पेठ: आधी पाण्यात काय घडतं ते बघा. समुद्रात दर १० मीटरला साधारण एका वातावरणाएवढा दाब वाढतो, म्हणजे ५० मीटरवर तो सहापट. त्या दाबानं श्वासातला नायट्रोजन (खोल डाइव्हला हेलियमही) रक्तात, चरबीत विरघळत राहतो. सावकाश, वाटेत ठरावीक खोलीवर थांबत वर आलं की तो फुफ्फुसांवाटे निघून जातो. दाबउतार हा. झटक्यात आलं तर गोटी सोडा फोडल्यागत बुडबुडे अंगातच! सांधे ठणकतात, मुंग्या येतात, पाय लुळे पडू शकतात. इथं दाब उतरून बसलेलाच आहे, तो परत चढवायचा असतो. शुद्ध ऑक्सिजन लावायचा, आडवं झोपवायचं आणि दाबकक्ष (आत हवेचा दाब वाढवता येतो अशी बंद खोली) गाठायचा. अमेरिकी नौदलाच्या उपचार-तक्ता ६ प्रमाणे १८ मीटर खोलीएवढ्या दाबापासून सुरुवात करतात, सगळं मिळून पावणेपाच तासांच्या आसपास जातात. याला 'पुनर्दाबन' म्हणा.

राजारामपुरी: पण माझ्या मजकुरात माणसाला त्रास काहीच नाही, फक्त वाटेतले थांबे चुकलेत.

मंगळवार पेठ: मग ते निराळं. लक्षणं नसतील आणि वर येऊन फार वेळ गेला नसेल, तर काही नौदली पद्धतींत परत ठरावीक खोलीवर पाठवून थांबे पुरे करून घेतात. तिथं 'चुकलेले थांबे भरणे' लिहा. दोन्हीकडं एकच शब्द ठेवलात तर लुळा पडलेला माणूसही कुणीतरी पाण्यात उतरवेल.

शाहूपुरी: 'थांबा' जरा एसटीचा वाटतोय. 'विराम'?

मंगळवार पेठ: असू दे की एसटीचा. विराम व्याकरणात बरा. हे थांबे ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ जे. एस. हॉल्डेन यांनी शेळ्यांवर प्रयोग करून १९०८ मध्ये मांडले. त्यांच्या हिशेबात खोली नव्हे, दाब निम्मा करायचा: ५० मीटरवरनं निघालात तर ६ चे ३, म्हणजे पहिला थांबा २० मीटरवर. भाषांतरात 'निम्म्या खोलीवर' असं हमखास घुसतं, ते तपासा. आजचे तक्ते बरेच पुढं गेलेत, तो भाग वेगळा.

रंकाळा: भावा, मालवणला स्कूबा करून त्याच संध्याकाळी गगनबावड्याचा घाट चढून घरी यायचंय. त्याला कुठला शब्द?

मंगळवार पेठ: मुक्काम. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास वर आहे, हवेचा दाब इथं कमीच. विमानात बसण्याआधी बिनथांब्याच्या एका डाइव्हनंतर किमान १२ तास, जास्त डाइव्ह झाल्या तर १८ तास जाऊ द्यायला सांगतात. घाटालाही तोच हिशेब धर.