मदत हवी आहे: भाड्याने द्यायला गोव्यात पर्वरीतला फ्लॅट विकत घ्यावा, की लिस्बनकडे बघावं?

पर्वरीत जुना २ बीएचके, स्टॅम्प ड्युटी-नोंदणी धरून ७० लाख. भाडं २२ हजार. वर्षाचे २.६४ लाख, त्यातून सोसायटीचे ३० हजार आणि एक रिकामा महिना वजा केला की उरतात २.१२ लाख. म्हणजे जेमतेम ३ टक्के, घरपट्टी वेगळीच. एजंट अर्थातच २.६४च सांगतो.

ऑक्युपन्सी दाखला आणि एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या हक्कांची नोंद) पाहिलाय, मुंडकाराचं, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्या हक्कदाराचं, नाव नाही. विकणारा विवाहित आहे, पण बायको परदेशात. इथल्या कायद्याने तिचीही सही लागणार. कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीतून करून आणलेलं चालेल ना?

पर्यटकांना द्यायचा तर पर्यटन खात्याची नोंदणी हवी. सोसायटी नाखूश असेल तर ११ महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्सच बरं, असं माझं मत. कोणी दोन्ही करून पाहिलंय?

लिस्बनसाठी एलआरएसमधून (परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना) माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवता येतात, पण १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस (बँक पैसे पाठवतानाच घेते तो कर) आधीच भरावा लागतो. तो रिटर्नमध्ये वळता होईपर्यंत एवढी रक्कम अडकते, तिची सोय कशी करता? आणि तिथे भाडेकरू सांभाळायला कोण ठेवता?