पावसाळ्यात वर्ग बंद पडू देऊ नका

ज्येष्ठांचा तोल सांभाळण्याचा व्यायामवर्ग दोन-तीन महिन्यांत ओस पडतो, ही तक्रार अगदी खरी आहे. पण मला वाटतं, आजी-आजोबांचा उत्साह कमी पडत नाही, जागा आणि माणूस कमी पडतो. आपल्या कोल्हापुरात रंकाळा तलावावर किंवा बागेत सुरू केलेला वर्ग जून लागला की थांबतो. आपल्याकडचा पाऊस काय असतो ते सांगायला नको. चार महिने खंड पडला की पायातली ताकद आणि तोल दोन्ही उतरतात, आणि निसरडं नेमकं तेव्हाच असतं!

म्हणून जागा पहिल्या दिवसापासून छपराखालची धरा. पेठेतल्या तालमीचा हॉल, देवळाचा सभामंडप, विरंगुळा केंद्र, काहीही चालेल. फक्त फरशी कोरडी हवी आणि आधाराला जड, न घसरणाऱ्या खुर्च्या हव्यात.

दुसरं, नुसत्या चालण्यावर भागवू नका. २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यात (यात अनेक अभ्यास एकत्र तपासतात) व्यायामाने ज्येष्ठांचं पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटलेलं दिसलं, आणि त्यात खात्रीचा पुरावा होता तो तोलाच्या व रोजच्या हालचालींच्या व्यायामांचा. हात न टेकता खुर्चीतून उठणं, चवड्यांवर उभं राहणं, एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांना लावून चालणं. जमू लागलं की थोडं अवघड करत न्यायचं. ज्यांना चक्कर येते त्यांनी आधी डॉक्टरांना दाखवावं.

फिजिओथेरपिस्ट रोज परवडत नाहीत. त्यांच्याकडून गटातल्याच दोघी-तिघांना नीट शिकवून घ्या, आणि कुणी दोनदा आलं नाही तर त्याच संध्याकाळी फोन करा. घरी पडलेलं माणूस बऱ्याचदा सांगतच नाही.